कारणावाचून दरवाजा न उघडल्याची हकिकत

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि जिच्यावाचून हल्ली शारदाही मौन धरून बसते त्या विजेसही नमन. खावंदांनी हे लिहिण्याची आज्ञा केली नाही. किंबहुना 'हे प्रकरण कागदी आणू नये, दौलतीची अब्रू जाते' ऐसे निक्षून सांगितले. म्हणोनच लिहिले. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मास, ते समयी दौलतीत वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

दौलत म्हणावी तर मुलूख नाही, किल्ला नाही, तोफखाना नाही. एक आज्ञावली, म्हणजे संगणकास द्यावयाच्या हुकुमांची लांबच लांब माळ, आणि तिच्या योगे गावोगावचे पंप चालावे, नळांचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडावे आणि मिटावे, आणि घरोघर हंडे भरावे. ही आज्ञावली मुक्त होती. ज्या गावास पाहिजे त्याने फुकट न्यावी, आत काय आहे ते वाचावे, आणि कोणास काही उणे दिसले तर त्याने आपल्या घरी बसोन दुरुस्त करावे आणि तो बदल दौलतीच्या दरवाजी पाठवावा. शिलेदार चहू दिशांस पसरलेले, एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही, तनखा नाही, जहागीर नाही, परंतु हौस दांडगी. दौलतीचे मूळपुरुष आणि खावंद नरसिंगराव मोहोळकर. आज्ञावली प्रथम त्यांनीच रचिली. माणूस बहुत हुशार, बहुत दिलदार, आणि बहुत विसराळू. दरवाजावर कुंदाबाई खरसुंडीकर. आलेला बदल तपासावा, बरा असल्यास आत घ्यावा, नसल्यास परत पाठवावा, हा अधिकार बाईंचा. बाई मूळच्या माणदेशी, टँकरच्या रांगेत वाढलेल्या, म्हणोन पाण्याच्या कामात ढिलाई त्यांस खपत नसे.

आता दौलतीत दोन चाली पडल्या होत्या, आणि दोन्ही वाईट. पहिली ऐसी की, प्रत्येक बदलासोबत शिलेदाराने वर्णन धाडावे, काय बदलले आणि का बदलले. परंतु सर्वत्रांनी एकच वर्णन पाठ केले होते, 'किरकोळ दुरुस्ती'. कोणी एक अक्षर हलविले, किरकोळ दुरुस्ती. कोणी निम्मी आज्ञावली उलथीपालथी केली, तरी किरकोळ दुरुस्ती. बाईंनी 'का' म्हणोन पुसावे तो शिलेदाराने नाक मुरडावे आणि म्हणावे, "फुकट चाकरी करतो, वर जबानी पण द्यायची का?" दुसरी चाल गाठोड्याची. आठवडाभरात जे बदल आत येतील ते नरसिंगरावांनी शनिवारी एकत्र करावे, त्यांचे एक गाठोडे बांधावे, आणि गाठीवर जो शेवटी आला त्याचे नाव घालावे. ही रीत मानाची म्हणोन सुरू जाहली. पंगतीत शेवटी बसला त्यास वाढपी आग्रह करितात, तैसे. परंतु गाठ पडली की आत कोणाचे काय हे ब्रह्मदेवासही सुटू नये. बाईंनी वारंवार अर्ज केला, "राव, उद्या काही बिघडलं तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" आणि राव हसोन म्हणाले, "बाई, आपली दौलत विश्वासावर चालते." बाई मनात म्हणाल्या की विश्वास चांगला, पण त्याने नळी जोडली जात नाही.

वैशाखात एके दुपारी नरसिंगराव सहज जुने हुकूम वाचीत बसले. तो एके जागी हुकूम दिसला की पहिला व्हॉल्व्ह उघडल्यावर थोडे थांबावे आणि मग दुसरा उघडावा. राव म्हणाले, थांबावे कशास? वर्णन पाहिले तो तेथे 'किरकोळ दुरुस्ती'. कोणा रिकामटेकड्याने घातले असेल ऐसे मनी आणून तो हुकूम काढिला, वर्णन लिहिले 'किरकोळ दुरुस्ती', आणि मूळपुरुषास दरवाजा कसला म्हणोन बाईंस न पुसता मागील दिंडीदरवाजाने आत नेला. बाईंच्या ध्यानी आले तेव्हा त्यांनी हटकावयास फोन केला, परंतु राव कोठे जेवावयास गेले होते, आणि गोष्ट तैसीच राहिली. त्याच आठवड्यात बार्शीकडचे इब्राहिमभाई बागवान, नवे शिलेदार, यांनी एक बदल धाडिला. पंप थांबविण्याचे बटण हिरवे होते ते तांबडे केले, की म्हाताऱ्या माणसांची गफलत होऊ नये. काम चोख, बाईंनी तपासोन आत घेतले. ते शनिवारी शेवटचे आले, म्हणोन गाठीवर नाव त्यांचे पडले.

मग सोमवारी तांबडमाळ गावी नव्या आज्ञावलीने पंप सुरू होताच दोन्ही व्हॉल्व्ह एकसमयी उघडले, रिकाम्या नळीतील हवा कोंडली, मागून पाण्याचा रेटा आला, आणि भर बाजारात मोठी नळी फुटली. रस्त्याची नदी जाहली आणि घरे कोरडी राहिली. तेथे पाणी सोडणारे भिकाजी ढेकळे यांनी दौलतीत फोन करून जी भाषा वापरिली ती बखरीत लिहिता येत नाही. सर्वत्रांनी गाठोडे पाहिले, गाठीवर नाव पाहिले, आणि इब्राहिमभाईंस 'नळफोडे' हे नाव पडले. भाईंनी परोपरीने सांगितले की "मी रंग बदलला हो, फक्त रंग," परंतु ऐकतो कोण. त्यांच्या स्वतःच्या गावचा पंप त्यांच्या हवाली होता, गावकऱ्यांनी वर्तमान ऐकोन तो काढून घेतला, आणि ज्या ओट्यावर भाईंस बोलावून चहा पाजीत तेथे लोक त्यांस पाहोन गप्प होऊ लागले.

बाईंनी रावांस एकांती गाठिले. रावांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "बाई, आठवलं. ते थांबणं मीच घातलं होतं, कैक वर्षांमागं. तेव्हाही अशीच नळी फुटली होती. का घातलं ते लिहिलं नाही, आणि स्वतःच विसरलो." बाई म्हणाल्या, "मग तसं सांगा सगळ्यांना." राव म्हणाले, "मूळपुरुषच चुकतो असं पसरलं तर गावं भरवसा सोडतील. इब्राहिमभाई नवे आहेत. लोक चार दिवसांत विसरतात." बाईंचे डोके तडकले. त्या म्हणाल्या, "लोक इसरत्यात राव. पर माणसाच्या हातनं गावचा पंप काढून घेतला, ते त्यो माणूस इसरत न्हाई."

आणि बाई घरी येऊन बसल्या आणि त्यांनी बदल रचिला. हुकूम एकच, थांबण्याचा, पूर्ववत. परंतु वर्णन ऐसे: 'पहिला व्हॉल्व्ह उघडल्यावर थांबावे. कारण रिकाम्या नळीतील हवा निघावयास वेळ लागतो. न थांबल्यास नळी फुटते, तांबडमाळची फुटली. हे थांबणे नरसिंगरावांनी घातले आणि नरसिंगरावांनीच काढिले, दोन्ही वेळा कारण लिहिले नाही. इब्राहिमभाईंनी फक्त बटणाचा रंग बदलला.' आणि सोबत दरवाजाचा नवा कायदा, की गाठोडे बंद; प्रत्येक बदलास आपला क्रमांक आणि आपल्या धन्याचे नाव, येण्यापासोन आत जाईपर्यंत त्याचा माग सर्वांस दिसावा; आणि 'का' लिहिले नाही तर दरवाजा उघडू नये, मग पाठविणारा शिलेदार असो की खासा मूळपुरुष.

रावांनी वाचिले आणि हुकूम केला की पहिली तीन वाक्ये ठेवावी आणि शेवटची दोन पुसावी. बाई म्हणाल्या, "पुसणार न्हाई." राव म्हणाले, "तर दरवाजाची किल्ली ठेवा." बाई म्हणाल्या, "घ्या. वाक्यं माझीच ऱ्हातील." किल्ली गेली, बदल दरवाजाबाहेर पडोन राहिला, आणि रावांनी स्वतः थांबणे घालावे तर चूक कबूल केल्यासारखे होते म्हणोन तेही घालीनात. मग शिलेदारांनी संगणकावरील सभेत बाईंवर तोंडसुख घेतले की, गाव तहानलेले आणि ही बाई दोन वाक्यांसाठी अडून बसली. हा वार वर्मी लागला. ज्या बाईने लहानपणी टँकरमागे धावोन कळशी भरिली तिलाच हे ऐकावे लागले. त्या रडल्या, हे लिहिण्यास लाज नाही. पुसून टाकावे ऐसे एकवार मनात आलेही, बोट त्या वाक्यांवर गेलेही. मग इब्राहिमभाईंचा तो ओटा डोळ्यांपुढे आला आणि बोट मागे आले.

आणि तेव्हा बाईंस उमजले की आपण अडलो कोठे? दौलत मुक्त आहे. ज्यास पाहिजे त्याने न्यावी हा दौलतीचा पहिला कायदा, आणि तो खुद्द रावांनी लिहिलेला. मग बाईंनी सबंध आज्ञावलीची नक्कल आपल्या दारी मांडिली, तीत आपला बदल घातला, वर्णनासकट, आणि तांबडमाळास फोन केला. भिकाजी ढेकळे म्हणाले, "बाई, आमी नळी सांधली, पर आता यंत्र चालू कराया हात धजंना. तुमचं घेतलं आन परत फुटली तर?" बाई म्हणाल्या, "माझं ऐकून घेऊ नका. वर का ते लिवलंय, ते वाचा. पटलं तर घ्या." भिकाजींनी वाचिले, आणि पुन्हा वाचिले, आणि म्हणाले, "आसं व्हय. आरं मग हे आदी का न्हाई कुनी सांगितलं?" त्यांनी बाईंच्या दारची आज्ञावली नेली, पंप सुरू केला, पहिला व्हॉल्व्ह उघडला, यंत्र थांबले, हवा फुसफुसत निघोन गेली, मग दुसरा उघडला, आणि तांबडमाळात पाणी आले.

हे वर्तमान गावोगाव गेले. आणि एकामागोमाग एक गावे बाईंच्या दारची आज्ञावली नेऊ लागली, कारण तेथे काय घेतो आणि का घेतो ते घेणाऱ्यास कळत होते. रावांचा निरोप आला की ही फितुरी आहे. बाईंनी उत्तर धाडिले, "फितुरी गुपचूप करत्यात. मी नावानिशी लिवलंय." इब्राहिमभाईंच्या गावच्या लोकांनीही ते वर्णन वाचिले, आणि पाटलांनी भाईंच्या घरी जाऊन पंपाची किल्ली त्यांच्या हाती दिली. माफी मागितली नाही, गावाची तैसी रीत नाही, परंतु चहा पिऊन गेले.

मग बाईंच्या दारी इब्राहिमभाईंचा बदल आला. एका आकड्याचा, आपल्या गावापुरता, तीनच्या जागी सहा. वर्णन कोरे. बाईंनी तो परत पाठविला. भाईंचा तत्काळ फोन आला, आवाज दुखावलेला. "बाई, माझ्यासाठी तुम्ही अख्ख्या दौलतीशी भांडलात, आणि आज मलाच दारातून परत पाठवता?" बाई म्हणाल्या, "भाई, तुमच्यासाठी भांडले ते ह्याचसाठी. का ते लिवा." भाई म्हणाले, "अहो तीनच्या जागी सहा, ह्यात लिहायचं काय? पोरालाही कळेल." बाई म्हणाल्या, "सहा केलं ते मला दिसतंय. तीन का नको, ते दिसत न्हाई." भाईंनी फोन ठेविला. बाईंस वाटले, हाही गेला. रागावोन रावांकडे जाईल, तिकडे काही विचारीत नाहीत. तरी त्यांनी दरवाजा उघडला नाही.

संध्याकाळी बदल पुन्हा आला. सोबत वर्णन: 'आमच्या गावी पाणी पहाटे तीनला सुटते. माझी आई काळोखात हंडा घेऊन जाते. मागल्या महिन्यात पायरीवरून पडली, कंबर मोडली. गावात आणखी पुष्कळ आया आहेत. सहाला उजाडते, म्हणून सहा.' बाईंनी वाचिले, डोळे पुसले, बदलास क्रमांक दिला, इब्राहिमभाईंचे नाव घातले, आणि दरवाजा उघडला.

सारांश: एका दौलतीच्या दोन जाहल्या. नरसिंगरावांकडे मूळपुरुषपण राहिले, कुंदाबाईंकडे गावे आली. आणि बाईंच्या दौलतीत पाणी घेणाऱ्या ज्या ज्या गावी पहाटे तीनचा आकडा होता, त्यांनी भाईंचे वर्णन वाचिले आणि कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता सहा केले.