बनसोडकाकांचं वावर

आमच्या शेजारच्या बनसोडकाकांच्या प्रत्येक सदऱ्याची डावी बाही कोपराच्या वर कापलेली असायची. उजवी मात्र मनगटापर्यंत, गुंडीसकट. कुणी विचारलं तर म्हणायचे, "हे वावर हाय. वावर कोनी झाकून ठेवते का?"

काका निवृत्त तलाठी. अमरावतीत एकटेच राहायचे. डाव्या हातावर निळ्या पेनानं त्यांनी शेतासारखे तुकडे पाडले होते. वरच्यात कोरफड, मधल्यात कडुलिंब, त्याखाली संत्र्याची साल, मनगटाशी हळद. सालीच्या तुकड्यात हमखास पुरळ उठायचं. मग कुंपणावरून मला हाक, "पाह्य, काय पीक आलं! कपाशीले असं आलं असतं तं!"

कपाशीनं सगळ्यांना रडवलं त्या वर्षांतली ही गोष्ट. काकांची मुलगी मंगला वरूडला दिलेली. शेतीवर भागेना, म्हणून तिनं शेजारच्या बायका जमवून उटणं करायला घेतलं. 'झाडाचं आहे, त्यानं काय होतंय?' असं कुणी म्हटलं की काका उसळायचे. "बिबा बी झाडाचाच हाय. लाव तोंडाले!" त्यांचं कातडं असं चिडकं, की त्यांना सोसलं ते जगाला सोसेल. म्हणून नवं उटणं, त्यातला एकेक जिन्नस, आधी त्यांच्या हातावर. "कातडं खोटं बोलत नाई," हे त्यांचं ब्रीद.

दर रविवारी मंगला एसटीनं यायची, हात पाहायची, स्वयंपाक करायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायची. त्या दिवशी काका पहाटेच दाढी करून फाटकात उभे असायचे.

पुढे मंगलानं उटण्यातली संत्र्याची साल कमी केली, मसुराचं पीठ वाढवलं. पुरळ ओसरत गेलं. एक दुकानदार माल घ्यायला तयार झाला. मंगला म्हणाली, "बाबा, येत्या रविवारी हात साफ निंघाला का झालं. मंग मले दर आठवड्याले यायचं काम नाई."

शनिवारी संध्याकाळी पाहतो तर काका परसात चिमट्यात खाजकुइलीची शेंग धरून उभे.

"काका, हे काय?"

"एका तुकड्यात पेरून पाहावं म्हनलं," ते म्हणाले. मग हाताकडे बघत हळूच, "हात साफ निंघाला तं पोरगी काहाले येईन रे?"

"आणि माल अडला, तर तिच्यासोबतच्या बायकांनी काय करायचं?" एवढंच बोललो आणि घरी आलो.

सकाळी मंगलाच्या आधी मीच हजर. हात स्वच्छ होता. मंगला आल्यावर काका मान खाली घालून तिला म्हणाले, "जमलं तुह्यं. आता येवढ्या लांबून नको येत जाऊ."

मंगलानं त्यांच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं. मग पिशवीतून एक डबी काढली. "जमलं कुठं, बाबा? टाचांचं मलम बनवून राहिलो आमी. आता तुमचे पाय लागतीन."

काकांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर सारला, आणि माझ्यापुढे हात केला.

"पेन दे रे."