तळघरातली एकुलती एक विद्यार्थिनी

"थर्मोडायनॅमिक्स मी कोळून प्यायलोय, सर! दगडाला बसवा माझ्यासमोर, पास करून दाखवतो!"

असं मी विभागप्रमुखांना म्हणालो आणि तिथेच फसलो. उष्णतेच्या या विषयात दरवर्षी निम्मा वर्ग आडवा होतो, म्हणून वरच्या वर्गातल्या मुलांनी अडलेल्यांना शिकवायचं अशी योजना निघाली होती. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "दर मंगळवारी, चार वाजता. तळघरातली खोली घे."

ती खोली म्हणजे प्राणिशास्त्राच्या जुन्या बरण्यांचं कोठार! भर दुपारीही दिवा लावावा लागे. कपाटांत पिवळट पाण्यात तरंगणारे बेडूक, साप आणि लेबल गळून पडलेलं एक काहीतरी, ज्याचा एकच डोळा उघडा होता. छतातला पाइप मधूनच धाप लागल्यासारखा आवाज करी. पहिले दोन मंगळवार मी त्या डोळ्यालाच शिकवलं.

तिसऱ्या मंगळवारी फळा पुसून वळलो, तर शेवटच्या बाकावर एक बाई! ना दार वाजलं होतं, ना पाऊल. चेहरा पांढराफटक, ओठ निळसर, केस ओले.

"तुम्ही... कधीपासून इथे?"

"सात वर्षं झाली," ती शांतपणे म्हणाली, "याच विषयात अडकलेय. बाकी सगळं पास. या शेवटच्या पेपरला निघाले होते. पोचलेच नाही."

मी हसलो. एकटाच हसलो. तिने पेन मागितलं, बोटाला बोट लागलं आणि कोपरापर्यंत गारठा चढला!

"अंगातली ऊब निघून जाते," तिने विचारलं, "ती आपण होऊन परत का येत नाही?"

प्रश्न अभ्यासक्रमातलाच होता हो! पण विचारायची काही पद्धत? ती उठून गेली तेव्हा बाकाखाली पाण्याचं थारोळं साचलेलं होतं.

बरण्यांची राखण करणारे जुने शिपाई आहेत, त्यांना सगळे बरणीमामा म्हणतात. मी त्यांना गाठलं.

"मामा, सात वर्षांपूर्वी पेपरला न पोचलेली कुणी मुलगी होती?"

मामांचा पुसता हात थांबला. "होती. इथेच बसायची, शेवटच्या बाकावर. हुशार! पण ऐन पेपरच्या दिवशी गेली बिचारी."

"गेली?"

"गेली."

पुन्हा तळघरात पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं. पण सरांपुढे मारलेली बढाई! गेलो. आणि ती चाळीस गणितं सोडवून आली होती! आजवर एकाही जिवंत माणसाने मी दिलेला गृहपाठ केला नव्हता. म्हटलं, असेल तशी असो, विद्यार्थिनी माझी आहे! हिचा जीव या पेपरात अडकलाय, तर पेपर सोडवूनच हिला वाटेला लावू. स्वतःचा अभ्यास गुंडाळून मी तिच्यासाठी टिपणं काढू लागलो.

"तोंड का उतरलंय रे?" आईने विचारलं.

"एका बाईला मोकळं करतोय."

"अगं बाई! तिच्या घरच्यांना माहीत आहे?"

"त्यांच्या लेखी ती गेलीच."

आई मटकन खालीच बसली.

परीक्षेआधीचा शेवटचा मंगळवार. शिकवता शिकवता दिवा गेला. मिट्ट काळोख. पाइपची धाप थांबली. मनगटावर बर्फासारखा हात पडला आणि कानाशी आवाज आला, "एवढं शेवटचं... सोडव ना!"

"सोडवलं! जा ताई, सुखाने जा!" ओरडत मी टेबलावर चढलो, टेबल कपाटावर कलंडलं, बरणी फुटली आणि ते एकडोळं माझ्या मांडीवर! पुढचे काही क्षण मला आठवत नाहीत. किंकाळी मात्र वरच्या मजल्यावरच्या ग्रंथालयात ऐकू गेली म्हणे.

बरणीमामा बॅटरी घेऊन धावत आले. उजेड तिच्या तोंडावर पडला.

"अगं, तू! आलीस परत?"

"आले, मामा. बर्फाच्या कारखान्यात लागलेय. पाळी संपली की अशीच मागच्या दाराने येते. बुटांवरचा बर्फही झटकायला होत नाही."

"मामा!" मी जमिनीवरून ओरडलो. "तुम्ही म्हणालात, गेली!"

"गेलीच होती की! वडलांना झटका आला, सकाळच्या गाडीने गाव सोडून गेली. गेलेलीला काय आली म्हणू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे सहा आठवडे तू मला मेलेली समजत होतास? आणि तरी येत होतास?"

मी मान हलवली. तिने खाली बसून माझ्या शर्टावरच्या काचा एकेक करून वेचल्या. "मी जिवंत असल्याचं माहीत असूनही," ती म्हणाली, "कुणी माझं इतकं मनावर घेतलं नव्हतं."

मग टेबलाखालून वही शोधून ते राहिलेलं गणित आम्ही मामांच्या बॅटरीच्या उजेडात सोडवलं.

पेपरात ती पहिली आली! मला माझ्या क्वांटमच्या पेपरात सतरा गुण मिळाले, शंभरपैकी. सरांनी क्वांटम शिकवायला लगेच तिलाच नेमलं. दर गुरुवारी तिच्याकडेही एकच विद्यार्थी येतो.

"बोल, कुठपासून अडलंय?" पहिल्या दिवशी तिने वही उघडत विचारलं.

मी मान खाली घालून म्हणालो, "प्रस्तावनेपासून, ताई."