आधी मला घाला

टेलरमास्तरांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यापैकी होतं. रक्तात साखर सापडली तेव्हाच नेहमीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या." मास्तरांनी ते गिऱ्हाइकाच्या कोटासारखं उद्यावर ढकललं. भीती एकच होती. पडदा खराब निघाला आणि मशीन बंद करा म्हणाले, तर पुढे करायचं काय? शिवणकामाशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं. साधा चहासुद्धा नाही.

शेवटी बायकोने हाताला धरून नेलंच. "सोबत कुणीतरी आणा, थेंब घातल्यावर जवळचं दिसत नाही," असं दवाखान्यातून सांगितलं होतं. ते कुणीतरी म्हणजे मास्तरीणबाई.

या बाईंची एक खोड होती. नवऱ्याच्या वाट्याला येणारं सगळं आधी त्या स्वतःवर करून बघत. चहा कढत आहे का, औषध कडू आहे का, काढा घशाखाली उतरतो का. निकाल मात्र ठरलेला असे. जीभ पोळली तरी चेहरा हलू न देता म्हणायच्या, "काही नाही हो, घ्या." आणि मास्तर मुकाट्याने घेत.

सिस्टर थेंबांची बाटली घेऊन आली तसे मास्तरांनी डोळे गच्च मिटले.

"आजोबा, डोळे उघडा बघू."

"चुरचुरेल का?"

"थोडंसं."

'थोडंसं' म्हणजे काय, हे मास्तरांइतकं कुणाला ठाऊक असणार? ज्या कोटाला अजून कात्रीही लागलेली नसे, त्याबद्दल ते गिऱ्हाइकाला 'थोडंसं राहिलंय' म्हणून सांगत. त्यांनी डोळे आणखी मिटून घेतले.

"सिस्टर, आधी मला घाला," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि मान मागे टाकून मोकळ्या झाल्या. सिस्टरला वाटलं, दोघंही पेशंट. तिने दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. बाईंच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं.

"काही नाही हो. नुसतं थंड वाटतं."

"मग रडतेस कशाला?"

"थंडाव्याने."

मास्तरांनी विश्वासाने डोळे उघडले आणि थेंब पडताच बायकोकडे असं बघितलं, की सिस्टर दोन पावलं मागे सरली.

थोड्या वेळाने मास्तरांनी तळहात डोळ्यांसमोर धरला. "अगं, माझ्या हातावरच्या रेषा गेल्या!"

"माझ्याही," बाई म्हणाल्या, आणि मग दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला. सोबतीच्या माणसाला आता सोबत लागणार होती.

"जावयाला बोलवू," मास्तर म्हणाले. फोनवरची नावं मुंग्यांसारखी दिसत होती. त्यांनी अंदाजाने एक मुंगी दाबली. "जावईबापू, डोळ्यांच्या दवाखान्यात येता का? आमचे दोघांचेही डोळे गेलेत!"

पलीकडून नुसतं "काय? आलोच!" ऐकू आलं.

धापा टाकत एक गृहस्थ आले. मास्तरांनी त्यांची बाही पकडली, सवयीने बोटं शिवणीवरून फिरवली आणि म्हणाले, "जावईबापू, ही शिवण माझी नाही."

"कशी असेल? तुमची शिवण अंगावर चढायचा योग कुठे आलाय अजून?" गृहस्थ ओरडले. "कोटवाला मी! खरं सांगा मास्तर, डोळे गेले की आणखी एक सबब आहे ही?"

मास्तर काही बोलायच्या आत आतून हाक आली. कोटवाल्याने दोघांनाही दंडाला धरून आत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर दिवा बांधला. "वर बघा, खाली बघा, इकडे, तिकडे." मास्तर देवाचं नाव घेत बघत राहिले. "पडदा छान आहे. साखर सांभाळा, मशीन खुशाल चालवा." मास्तरांची छाती एकदम दोन बोटं फुगली.

"आता काकू."

"मी नाही हो, मी नुसती थेंब कसे आहेत ते बघायला..."

"घातलेच आहेत तर बघते." डॉक्टरीणबाई बघायला लागल्या आणि बघतच राहिल्या. "काकू, डोळ्यांसमोर काळे तंतू तरंगतात का?"

"तरंगतात की. आमच्या घरात दोऱ्यांचे तुकडे उडत असतात सगळीकडे. मी तर हाताने झटकते."

"ते दोरे नाहीत. पडद्याला भोक पडलंय. वेळेवर आलात, नाहीतर पडदाच सुटला असता. आजच लेझरने बंद करून टाकू."

मास्तरांची छाती जागच्या जागी बसली. जन्मभर कशालाही न भ्यालेली त्यांची बायको अगदी बारीक आवाजात विचारत होती, "दुखेल का?"

"थोडंसं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तर ताडकन उठले. "आधी मला करा."

"काका, तुमचा पडदा चांगला आहे."

"असू दे. आधी मला."

डॉक्टरीणबाईंनी एकदा दोघांकडे बघितलं आणि मास्तरांची हनुवटी यंत्रावर टेकवली. लेझरच्या कळीला त्यांनी हातही लावला नाही, नुसता दिवा लावला. तो उजेड थेंब घातलेल्या डोळ्यातून सुईसारखा थेट मेंदूत घुसला. मास्तरांनी टेबलाची कड घट्ट धरली. गालावरून पाणी वाहायला लागलं.

"काही नाही गं," ते म्हणाले. "नुसतं थंड वाटतं."

बाईंना त्यांचा चेहरा धड दिसत नव्हता. पण हे वाक्य त्यांच्याच घरचं होतं. त्याची किंमत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार?

"मग रडताय कशाला?"

"थंडाव्याने."

मास्तरीणबाई हसल्या, चाचपडत उठल्या आणि त्यांनी नवऱ्याला खुर्चीवरून बाजूला सारलं.