उखाअण्णाचा रुमाल

शेठ शिव्या द्यायला लागला की आमचा उखाअण्णा खिशातून कंगवा काढायचा. केस म्हणाल तर कानांवर दोन पुंजके, बाकी सगळं लख्ख. पण शेठ समोर उभा राहून आई-बहिणीपर्यंत पोचला की अण्णा त्या लख्ख भागावरून कंगवा फिरवायचा, पुढून मागं, तीन वेळा. मग कंगव्यावर फुंकर मारायची, तो खिशात ठेवायचा आणि म्हणायचं, "व्हई जाई, शेठ." शेठ गुजराती, त्याला आमची अहिराणी काय कळणार! पण होऊन जाईल एवढा अर्थ पोचायचा. तो कपाळाला हात लावून निघून जायचा.

मी हे सात वर्षं बघितलं आणि सात वर्षं जळलो. खोटं कशाला बोलू?

कारण तोच शेठ मग माझ्याकडे वळायचा. त्याच्या त्याच शिव्या मला लागल्या की माझ्या पोटात आग पेटायची, कानशिलं उडायची. दुपारचा डबा तसाच परत जायचा. खिशात मी सोड्याची पुडी बाळगायचो आणि डॉक्टरनं दिलेली लाल गोळी. टेन्शन घेऊ नका, म्हणाला डॉक्टर. मी म्हटलं, साहेब, आठ माग सांभाळतो. एका मागावर सुताची तार जोडेपर्यंत दुसऱ्यावरची तुटते, कापडाच्या ताक्यात डाग पडला की पगारातून कापतात. कुठलं घेऊ आणि कुठलं सोडू? तर त्यानं अजून एक गोळी लिहून दिली.

अण्णाकडेही आठच माग होते. तारा त्याच्याही तुटायच्या. पण चेहऱ्यावर कसं, जेवून उठल्यासारखं समाधान!

नव्वदनंतरची ती वर्षं. सुरतेजवळ कडोदऱ्याला आमची शेड. ऐंशी माग एकदम सुरू झाले की शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाही. मग सुरतेत माग चालवणारे सगळे शिकतात तेच आम्हीही शिकलो होतो: ओठ वाचायचे. चार मागांपलीकडून मी बिडी मागायचो आणि पलीकडचा नाही म्हणायचा, सगळं बिनआवाजाचं. मास्टर येतोय, ताण्याच्या सुताची बीम संपली, तुझा मेहुणा गेटवर आलाय, अशा बातम्या ओठांवरून शेडभर फिरायच्या. आवाज नसला तरी गुपित म्हणून काही राहायचं नाही.

अण्णाचे ओठ मात्र कोणी कधी पाहिले नाहीत. पाळी सुरू झाली की तो निळ्या चौकड्यांचा रुमाल नाकापासून हनुवटीपर्यंत बांधायचा, तो थेट बारा तासांनी सोडायचा. कोणी विचारलं तर सांगायचा, कस उडते, सुताची धूळ. पण रुमाल आतून हलत राहायचा, सारखा, सकाळपासून. कोणीतरी म्हणालं, अण्णा नामस्मरण करतो. झालं! दोन वर्षांत त्याचा महाराज झाला. नवीन बीम चढली की नारळ अण्णाच्या हातून. कोणाची पोरगी आजारी पडली की हात अण्णाचा. एक उदगीरचा गडी तर रोज त्याच्या पाया पडून माग सुरू करायचा. अण्णा पाय मागे घ्यायचा आणि कंगवा काढायचा.

मीही करून पाहिलं, सांगायला लाज कसली. रुमाल विकत घेतला, बांधला आणि देवाचं नाव सुरू केलं. पहिल्या तासात चार तारा तुटल्या. त्या जोडताना नावाच्या जागी भलतंच तोंडात यायला लागलं, तेव्हा म्हटलं, देवाला तरी कशाला यात ओढायचं. रुमाल डब्याला बांधायला लावला.

अशात आमच्या मास्टरनं गावाला शेती धरली आणि जागा रिकामी झाली. मास्टर म्हणजे शेडच्या कडेला काचेची केबिन, पंखा, महिन्याचा बांधलेला पगार. मला ती जागा हवी होती. कोसाडला आम्ही सहा गडी एका खोलीत राहायचो, बायको आणि दोन पोरं चोपड्याकडे. मास्टर झालो असतो तर वेगळी खोली घेऊन त्यांना आणता आलं असतं. धाकटा मला ओळखत नव्हता. दिवाळीला गेलो की आईच्या मागे लपायचा. काम मला अण्णाइतकंच येत होतं, हिशेब त्याच्यापेक्षा चांगला. पण शेठचा पोरगा म्हणायचा, मास्टर थंड डोक्याचा पाहिजे.

हा पोरगा नुकताच शिकून आला होता. त्यानं एका रविवारी टायवाले एक साहेब आणले, कामगारांना टेन्शन घालवायला शिकवण्यासाठी. माग बंद करून आम्हाला तागाच्या पोत्यांवर बसवलं. साहेबांनी हिंदीत डोळे मिटायला सांगितले, खोल श्वास घ्यायला सांगितला, मनात समुद्र आणायला सांगितला. रात्रपाळी करून आलेली माणसं ती. तिसऱ्या श्वासाला निम्मी शेड घोरत होती. साहेब खूष झाले. मग शेठच्या पोरानं अण्णाला पुढे उभं केलं आणि साहेबांनी त्याला विचारलं, तुमच्या शांतपणाचं गुपित काय? अण्णानं कंगवा फिरवला. टाळ्या पडल्या. त्यानंतर साहेबांनी उदाहरण म्हणून उलट्या बाजूचा माणूस मागितला आणि पोरानं बोट माझ्याकडे केलं. सगळ्या शेडसमोर मी उभा. इनसे सीखो, म्हणाले साहेब. मी अण्णाकडे पाहून हसलो आणि मनात त्याचा रुमाल जाळला.

त्या दिवशी ठरवलं, याचं नामस्मरण मी बाहेर काढणारच. बारा तास देवाचं नाव घेणारा माणूस चहाच्या टपरीवर आरती आली की गुणगुणतही नाही, हे मी पाहून ठेवलं होतं.

मे महिना होता. पत्र्याखाली अंगाची लाही होत होती. अण्णानं पाणी प्यायला रुमाल खाली ओढला आणि तो वर घ्यायचा राहून गेला. मी समोरच्या ओळीत बीमच्या आड बसलो होतो. त्याचे ओठ सुरू झाले.

शिव्या! अहो, काय शिव्या! शेठला, शेठच्या पोराला, टायवाल्या साहेबांना, प्रत्येकाला वेगळी, एकही दुसऱ्यांदा नाही. माझ्या पोटातली आग एकदम विझली, इतका आनंद झाला मला. सापडला महाराज! आता पोराला इथंच आणून बसवायचं आणि दाखवायचं याचं थंड डोकं. उठणार होतो, पण म्हटलं, अजून थोडा माल गोळा करू.

तेवढ्यात त्याच्या ओठांवर नाव आलं. सुमन. सुमन म्हणजे त्याची बायको, पारोळ्याकडच्या गावात अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी अकरा वर्षं राहिलेली. अण्णा तिला दिवस सांगत होता. सकाळी डाळ करपली. उदगीरवाला पुन्हा पाया पडला, त्याला कसं समजवू. तीन नंबरचा माग कुरकुरतोय. आणि मग माझं नाव आलं.

"दिनकरना पोटमा आग पडस, सुमन, पन तो सांगत नही."

पुढचं मी वाचायला नको होतं. मास्टरची जागा त्यालाच मिळायला हवी, सांगत होता अण्णा, त्याची पोरं लहान आहेत. अर्धी भाकर रोज परत नेतो बिचारा. त्यानं तुटलेली तार जोडली आणि मागाच्या लाकडावर हलकेच थोपटलं. मी बीमच्या आडून मागच्या मागे सरकलो. कोणाला काही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी शेठनं अण्णाला केबिनमध्ये बोलावलं आणि खुर्चीवर बसवलं. मी ताके मोजायच्या निमित्तानं दाराच्या आतच होतो. दार लागल्यावर आवाज बाहेर राहिला. अण्णा थोडा वेळ बसला, पंख्याकडे पाहिलं, काचेतून मागांकडे पाहिलं. कंगवा काढला आणि तसाच हातात धरून उठला.

"शेठ, आठे आवाज नही," म्हणाला. "माले जमाव नही. दिनकरले करा."

इथं आवाज नाही म्हणून जागा नको म्हणतोय, एवढं शेठला कळलं आणि वाटलं, हा वेडा आहे. पण जागा मला मिळाली.

संध्याकाळी टपरीवर मी त्याला विचारलं, असं का केलंस अण्णा? गावाला बायको आहे, तिला इथं आणलं असतंस. त्यानं बशीतला चहा फुंकला. आईला हलवता येत नाही, म्हणाला. मग म्हणाला, वर्षातून दोनदा गावाला जातो, तेव्हा सुमन समोर बसते, भाकरी वाढते, वाट पाहते.

"तठे बोलताच येत नही रे दिनकर. गैरी शांतता ऱ्हास. माले आते आवाजनी सवय व्हई गयी."

गावाला शांतता फार, आणि याला सवय मागांच्या आवाजाची. त्यानं चहा संपवला आणि माझ्या बशीत उरलेलं बिस्कीट खाल्लं.

आता मी मास्टर आहे. कोसाडला वेगळी खोली घेतली, बायको-पोरं आली. धाकटा मांडीवर येऊन बसतो. संध्याकाळी बायको विचारते, कसा गेला दिवस? आणि मी म्हणतो, बरा गेला. एवढंच. रोज. शेठ आता केबिनमध्ये येऊन शिव्या देतो, सोड्याची पुडी ड्रॉवरमध्ये असते. काचेतून निळा रुमाल हलताना दिसतो आणि मी पुन्हा जळतो. पहिल्यापेक्षा जास्त जळतो. माझं माणूस घरात आहे आणि त्याचं तीनेक दिवसांच्या टपालावर, तरी बोलणारा तोच.

परवा शेठ जरा जास्तच बोलून गेला. मी केबिनचं दार उघडलं आणि सरळ अण्णाच्या मागापाशी जाऊन उभा राहिलो. अण्णानं माझ्याकडे एकदा पाहिलं. डोक्यामागची गाठ सोडली, रुमाल झटकला आणि माझ्या तोंडाला बांधला, लहान पोराला बांधावा तसा.

ऐंशी माग चालू होते. रुमालाच्या आत मी मोठ्यानं म्हणालो, अण्णा, मी सात वर्षं तुझ्यावर जळलो. तुझं वाईट करायला निघालो होतो. मग शेठचं सांगितलं, पोटाचं सांगितलं, घरी बायकोशी बोलता येत नाही तेही सांगितलं. किती वेळ बोलत होतो कोणास ठाऊक. अण्णा तारा जोडत होता. त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं आणि ओठ तर त्यानंच झाकले होते.

मी थांबलो तेव्हा त्यानं खिशातून कंगवा काढला आणि माझे घामानं कपाळावर आलेले केस पुढून मागं विंचरले, तीन वेळा. त्याचं तोंड उघडं होतं. ओठ मला स्पष्ट वाचता आले.

व्हई जाई.