काळी फीत आणि कोबीचा दगड

आमच्या लॅटव्हियाचा झेंडा लावताना चूक होऊच शकत नाही! वर गडद लाल, खाली गडद लाल, मध्ये पांढरी पट्टी. उलटा धरा, सुलटा धरा, दिसायला तोच. ज्यानं कुणी तो ठरवला, त्याला आमच्या गल्लीतली माणसं नक्की ठाऊक असणार. आणि या गल्लीत सणाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी झेंडा लावणारा माणूस कोण? मी! तालिवाल्दिस, निवृत्त बस ड्रायव्हर. बाकीचे डोळे चोळत दार उघडतात तेव्हा माझा झेंडा फडकत असतो. ही बढाई नव्हे, कुणालाही विचारा. म्हणजे, चार मेच्या आधी विचारायला हवं होतं.

नियम अगदी सोपा आहे. आनंदाच्या दिवशी नुसता झेंडा. दुःखाच्या दिवशी काठीच्या टोकाला काळी फीत. पंचवीस मार्च हा दुःखाचा दिवस. एकोणपन्नास साली त्याच दिवशी आमच्या गावातून माणसं आगगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरियाला नेली. त्यात माझी आजी होती आणि तिच्या दोन लेकी, माझी आई आणि अल्विने मावशी. ती फीत दरवर्षी मीच बांधतो आणि मीच सोडतो. यंदाही बांधली. सोडण्याचं पुढे येतंच आहे.

माझी बायको मुलीकडे आयर्लंडला, नातवाच्या तैनातीत. आई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यामुळे घरात मी आणि मावशी. वय शहाऐंशी, आवाज पंचविशीतला. "ताल्या!" म्हणून हाक मारली की शेजारचा कुत्रासुद्धा उठून बसतो. या बाईला जगात एकच गोष्ट हवी होती, आणि ती म्हणजे एक दगड.

हसू नका. सैबेरियातून दोघी बहिणी परत आल्या, आजी आली नाही. ती तिकडच्याच मातीत राहिली, कुठे ते आता कुणालाच सांगता येणार नाही. आपल्या घराशी येऊन बघतात तर आत परकी माणसं राहत होती! पलंग, घड्याळ, ताटल्या, सगळं गेलं होतं. मागच्या पडवीत फक्त पिंपातला खारवलेला कोबी दाबायचा आजीचा दगड पडलेला. दगड कोण चोरणार? पोरींनी तो घसरगाडीवर घालून ओढत नेला. तेव्हापासून आमच्या घरी कोबी आंबायचा तो त्याच दगडाखाली.

मग एका शरदात झेल्मा मावशीनं तो मागितला. झेल्मा मावशी म्हणजे पलीकडच्या गल्लीतली, मावशीची जिवाभावाची मैत्रीण, सैबेरियाला एकाच डब्यातून गेलेली. त्या वर्षी तिचा कोबी उदंड झाला होता, पिंपं दोन आणि दगड एक. नेला, आणि काम झाल्यावर परत आणून दिला.

"हा माझा नाही," मावशी म्हणाली.

"अगं, दगडासारखा तर दगड आहे!"

"माझा नाही!"

इथवर ठीक होतं. पण मावशीनं हे प्रकरण गावच्या गायनमंडळात नेलं आणि तालमीच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाली, "दगडचोर!" झालं! त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. झेल्मा मावशी जन्मभर वरच्या पट्टीत गायलेली, पण मावशीशेजारी उभं राहायला नको म्हणून खालच्या पट्टीत गेली. चर्चमध्ये एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. आणि दर शरदात पिंपाशी उभं राहून मावशी म्हणायची, "मरायच्या आधी एकदा तो हातात मिळू दे, ताल्या." एकदा मी नदीतून तीन छानसे दगड निवडून आणले. तिनं तिन्ही माझ्या गाडीखाली लावायला परत दिले.

तर, एक मे. सणाचा दिवस. मी झेंडा लावण्याआधी जरा बटाट्याचा वाफा खणायला वाकलो, आणि तसाच राहिलो! कंबर धरली. झेंडा राहिला. गुलाबांवरून काढलेल्या फरच्या फांद्या, ज्या हिवाळाभर पांघरूण म्हणून घातल्या होत्या, त्या मागे नेऊन टाकायच्या होत्या, त्याही फाटकापासून दारापर्यंत वाटेवरच पसरून राहिल्या. शेजारचा इंदुलिस कुंपणावरून म्हणाला, "काय रे, यंदा झेंडा इस्त्रीला दिलाय?" हे मला फार लागलं.

म्हणून चार मेला, स्वातंत्र्य परत मिळाल्याच्या सणाला, मी उजाडायच्या आत उठलो. कण्हत शिडीवर चढलो, झेंडा अडकवला, कण्हत उतरलो. चष्मा घरात होता. पण चष्म्याची गरज काय? आमच्या झेंड्यात चूक होऊच शकत नाही!

मग सफरचंदाच्या झाडाखाली टेबल मांडलं, पांढराशुभ्र टेबलक्लॉथ घातला. त्या दिवशी गावभर अशीच टेबलं लागतात आणि जो तो शेजाऱ्याकडे काहीतरी घेऊन जातो. मावशी मागच्या स्वयंपाकघरात खारं मांस भरलेले छोटे पाव भाजत होती. भट्टी पेटली की ती कुणाला आत येऊ देत नाही आणि स्वतः बाहेर येत नाही.

तेवढ्यात कुंपणाशी इंदुलिस. टोपी हातात.

"कधी झालं रे?"

"एक तारखेला," मी म्हणालो. "बटाट्याच्या वाफ्यात."

"वाफ्यात! या वयात वाफ्यात कशाला?"

"वयाचं काय घेऊन बसलास? कामं कुणी करायची?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "फार त्रास झाला का?"

"ओरडायलासुद्धा आवाज फुटेना! आता आडवं पडलं की शांत वाटतं."

"वाटणारच," इंदुलिसनं डोळे पुसले. "मंडळाला सांगतो मी. सगळे येऊ. तू एकट्यानं काही उचलू नकोस." माझ्या कमरेसाठी माणूस रडतो म्हणजे काय! आजवर मी त्याला उगाच खडूस समजत होतो.

मग दुकानवाली आउस्माबाई आली. माझ्या हातात दोन ट्यूलिप ठेवले, गालाला गाल लावला आणि काही न बोलता गेली. दोन? मी जरा चमकलो. आमच्याकडे जिवंत माणसाला फुलं विषम द्यायची, एक, तीन, पाच. सम फुलं मेलेल्यांची. म्हटलं, बाई दुकानाच्या गडबडीत असेल. पोस्टातला निवृत्त साहेब चार फुलं देऊन गेला. त्याचा हिशेब पहिल्यापासून कच्चा! पण बेकरीवाल्यानं सहा दिली तेव्हा मी हळूच स्वतःची नाडी बघितली. चालू होती.

फोन वाजला. आयर्लंडहून बायको, आणि ती ओक्साबोक्शी रडत होती.

"मावशी गेली आणि मला आउस्माकडून कळतं? तू फोनसुद्धा करू नयेस?"

"कुठे गेली? स्वयंपाकघरात आहे!"

"स्वयंपाकघरात ठेवलंय तिला?"

"ठेवलंय काय! पाव भाजतेय!"

मग बायकोनं त्या आवाजात विचारलं, जो मी चाळीस वर्षं ओळखतो, "तालिवाल्दिस, झेंड्याला काय लावून ठेवलंयस?"

चष्मा शोधून मी फाटकाकडे धावलो, म्हणजे कंबर धावू देईल तेवढा. वर बघतो तर सगळ्या गल्लीत लाल-पांढरे झेंडे हसताहेत आणि माझ्या काठीवर मार्चमधली काळी फीत लोंबतेय! खाली बघतो तर फाटकापासून दारापर्यंत फरच्या फांद्या, अंत्ययात्रेला अंथरतात तशा!

फीत ओढायला हात वर केला, तर फाटकातून एकचाकी ढकलगाडी आत आली. मागे झेल्मा मावशी, काळा रुमाल बांधलेली, धापा टाकणारी. गाडीत कापडाखाली काहीतरी गोल.

"झेल्मा मावशी, अहो, ऐका..."

"गप बस. मला बोलू दे, नाहीतर परत जाईन."

"पण मावशी..."

"गप म्हटलं ना!" तिनं कापड बाजूला केलं. करडा दगड, एका बाजूला अंगठा बसेल एवढा खळगा. "हा तिचा. माझ्या दुसऱ्या पिंपात राहिला होता. हिवाळ्यात कोबी संपल्यावर तळाशी दिसला. तेव्हाच आणून देणार होते. पण तोवर ती मला सगळ्यांसमोर चोर म्हणून बसली होती! नेऊन दिला असता तर खरंच चोर ठरले असते. आणि ती म्हणाली असती, 'मी म्हटलं होतं ना!' रोज म्हणाली असती. तिला ओळखत नाहीस तू." तिनं कापडाची घडी केली. "आता म्हणणार नाही. आता शवपेटीत तिच्या पायाशी ठेव. तिच्या आईचा आहे. त्या डब्यात तिच्या आईनं मला स्वतःच्या शालीत घेतलं होतं, आणि मी तिचा दगड दडवून बसले."

आणि तेव्हाच मागून तो आवाज आला.

"ताल्या! फाटकाशी कोण उभंय?"

मावशी दारात, हातात गरम पावांचा ट्रे. झेल्मा मावशीनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वर झेंड्याकडे. तिचा चेहरा कोबीसारखा पांढरा पडला. मावशीनं मात्र फक्त गाडीकडे पाहिलं. ट्रे माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली,

"मी म्हटलं होतं ना!"

"बघितलंस?" झेल्मा मावशी मला ओरडली. "एवढ्याचसाठी जिवंत राहिलीय ही!" आणि गाडी सरळ उलटी फिरवली. "मेली नसशील तर दगड परत नेते!"

"खबरदार!" मावशीनं गाडीचं पुढचं चाक धरलं. एक इकडे ओढतेय, एक तिकडे, दोघींचं मिळून वय पावणेदोनशेच्या घरात! मी ट्रे घेऊन मध्ये उभा, "अहो, सांभाळा, अहो!" आणि ओढता ओढता मावशीचा हात दगडावर पडला. अंगठा त्या खळग्यात गेला. ती थांबली.

तिनं चाक सोडलं आणि दुसरा हातही दगडावर ठेवला.

"आई इथेच अंगठा ठेवायची," ती म्हणाली.

"मला माहीत आहे," झेल्मा मावशी म्हणाली. "तू मला चोर म्हणालीस."

"म्हणाले."

"सगळ्यांसमोर."

मावशीनं जन्मात कुणाची माफी मागितलेली नाही. तिनं माझ्या हातातल्या ट्रेमधून सगळ्यात खरपूस पाव निवडला आणि तिच्यापुढे धरला. "गरम आहे. बस. आणि आजपासून वरच्या पट्टीत ये. खाली तुझा आवाज मुळीच शोभत नाही." झेल्मा मावशीनं पाव घेतला आणि खायच्या आधी त्याच हातानं डोळे पुसले.

एवढ्यात फाटकाशी अख्खं गायनमंडळ! इंदुलिस पुढे, मान खाली, आणि त्यांनी आमचं मयताला पोचवण्याचं गाणं सुरू केलं. मी हात हलवायला लागलो, तर मावशी म्हणाली, "गाऊ दे." तिसऱ्या ओळीला इंदुलिसनं वर पाहिलं आणि मयत बाई पाव खाताना दिसली! त्याचा खर्ज जागेवरच मेला.

"चालू ठेव!" मावशी ओरडली. "दुसरं कडवं आहे ना अजून?"

त्यांनी दुसरंही म्हटलं. मग हशा, मग शिव्या, त्या सगळ्या मला. लोक हातातल्या सम फुलांचं काय करावं या पेचात पडले, तेव्हा झेल्मा मावशी उठली. प्रत्येकाच्या गुच्छातून एकेक फूल काढत गेली आणि गुच्छ विषम करून मावशीला देत गेली. काढलेली फुलं तिनं दगडाभोवती मांडली. आजीला या गावात कुणी फूल वाहिलं नव्हतं. वाहणार कुठे? शेवटी एक फूल जास्त झालं. ते तिनं माझ्या खिशाला खोचलं. "हे तुला. जिवंत आहेस, पण थोडक्यात वाचलास."

"फीत काढतो आता," मी म्हणालो.

"संध्याकाळपर्यंत राहू दे," मावशी म्हणाली. "आईला आज पहिल्यांदाच कुणी गाऊन पोचवलं."

दुपारी गावचा पोलीस आला. सणाच्या दिवशी काळी फीत म्हटल्यावर येणारच. "कोण गेलं?"

"माझी आजी."

"अरेरे! कधी?"

"एक्कावन्न साली."

त्यानं फितीकडे पाहिलं, फुलांतल्या दगडाकडे पाहिलं, टेबलाशी हिरिरीनं भांडणाऱ्या दोघींकडे पाहिलं आणि हळूच टोपी काढली. मावशीनं ट्रे पुढे केला. त्यानं दोन पाव उचलले. "दोन नको, तीन घे!" झेल्मा मावशी ओरडली. तीन घेऊन तो गेला. नियमाचं काही बोलला नाही.

सूर्य कलल्यावर मी झेंडा उतरवला, फीत सोडली आणि घडी करून कपाटात ठेवली, चष्मा लावून! एवढ्यात बाहेरून दोघींची एकदम हाक, "ताल्याऽऽ! दगड आत आण!"

"माझी कंबर..."

"अरे, दगडासारखा तर दगड आहे!" झेल्मा मावशी म्हणाली. मी दचकून मावशीकडे बघितलं. ती हसत होती.

पुढचे दहाबारा दिवस मी खिडकीशी आडवा होतो. जाणारे-येणारे फाटकाशी थबकत, आधी झेंड्याच्या काठीकडे नीट बघत, आणि मगच मला विचारत, "काय तालिवाल्दिस, बरा आहेस ना?"