'अ', 'ब' आणि माझं ऑनर्स

माझा ऑनर्सचा प्रकल्प वर्गात सगळ्यांत आधी पूर्ण होणार, हे मी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं. कारण साधं होतं. बाकीचे मुलाखतींसाठी गावभर वणवण करणार होते आणि माझा अभ्यासविषय माझ्याच स्वयंपाकघरात राबत होता! 'घरकामाची लिंगभावानुसार वाटणी : एका कुटुंबाचं निरीक्षण.' कुटुंब आमचंच. खुर्चीत बसायचं, बघायचं, लिहायचं.

आमच्या विभागाचं पूर्ण नाव 'लिंगभाव आणि लैंगिकता अभ्यास'. घरात ते आजवर कुणी शेवटपर्यंत उच्चारलेलं नाही. बाबा नातेवाइकांना सांगतात, "समाजशास्त्रासारखंच काहीतरी आहे," आणि लगेच हवामानाकडे वळतात.

मार्गदर्शक मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "सहभागींची लेखी संमती घेतलीस?"

"मॅडम, घरचेच आहेत!"

"म्हणून तर विचारतेय."

"घेतो," मी म्हणालो. घेतली नाही. आधी सांगितलं असतं तर दोघं फोटोला उभं राहिल्यासारखे वागले असते आणि शास्त्राचं नुकसान झालं असतं.

बाबा बस डेपोत वेळापत्रकं बनवतात. त्यांची एक जुनी कोरी नोंदवही घरात पडली होती. डावीकडे वेळेचा रकाना, उजवीकडे तपशिलाचा. माझ्यासाठीच छापल्यासारखी! आईला मी नाव दिलं 'अ', बाबांना 'ब'. ओळख गुप्त राहावी म्हणून. तीन माणसांच्या घरात! नोंदी तटस्थ दिसाव्यात म्हणून अक्षरही छापील काढलं.

'६.१० : अ उठली. ६.१५ : ओट्यापाशी. ७.४० : अ फोनवर हसली, ४ मिनिटं. ८.०५ : 'अ'ने 'ब'ला मोजे शोधून दिले. मोजे 'ब'च्या हातात होते.'

दोन आठवडे हे असं बिनबोभाट चाललं. मग सुटकेस काढताना आईला कपाटावर ती वही सापडली. मला याचा पत्ताच नव्हता. आईने वही वाचली, होती तशी परत ठेवली आणि तिच्या पद्धतीने निष्कर्ष काढला. वही डेपोची, रकाने वेळेचे, म्हणजे हे काम कुणाचं हे उघडच होतं!

दुसऱ्या दिवसापासून आईचं बोलणं बंद झालं. चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीवरून ती घरी यायची आणि सरळ खुर्चीत बसायची. अशी बसायची, की बाबा दारातच बूट काढायचे आणि आवाज न करता ओट्याकडे जायचे. काय चुकलं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण काहीतरी चुकलंय याची खात्री होती. बाबांनी भांडी घासली. पडदे धुतले. धुतलेले पडदे पुन्हा धुतले!

मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. 'ब'चं घरकाम दिवसाला वीस मिनिटांवरून चार तासांवर गेलं होतं! मी ताबडतोब चौथं प्रकरण लिहून काढलं : 'संशोधकाच्या केवळ उपस्थितीने पितृसत्तेला गेलेले तडे.'

मॅडमनी ते वाचलं. "चार तास? एका आठवड्यात? घरी सगळं ठीक आहे ना?"

"उत्तम आहे, मॅडम!"

त्याच संध्याकाळी मावशी आली. आईची थोरली बहीण. हातात बॅग होती, म्हणजे मुक्काम होता. चप्पलही न काढता तिने कपाटावरची वही काढली आणि टेबलावर आपटली.

"भावजी, बायकोवर पाळत ठेवता?"

बाबांच्या हातात ओलं फडकं होतं. "पाळत? मी?"

"ती माझ्याशी फोनवर हसली, त्याचीसुद्धा मिनिटं लिहिलीत!"

आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. आवाज अगदी हळू होता. "बावीस वर्षं संसार केला आणि हा माणूस माझं हसणं मोजतो."

बाबांनी फडकं खाली ठेवलं, चष्मा लावला आणि वही वाचायला घेतली. एक पान, दुसरं पान. मला वाटलं, आता ते रडतील.

"हे मी लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "संध्याकाळी पाच चव्वेचाळीसला एक नोंद आणि पुढची थेट सहा पंचविसला? मधला वेळ गेला कुठे? असलं वेळापत्रक मी केलं असतं तर डेपोतून हाकललं असतं मला!"

तिघांनीही माझ्याकडे माना वळवल्या. निरीक्षकाने प्रसंगात गुंतू नये असा नियम आहे, पण दाराशी मावशीची बॅग आडवी होती.

"माझा अभ्यास आहे तो," मी म्हणालो.

"कसला अभ्यास?" मावशीने विचारलं.

"लिंगभाव आणि..."

"आणि?"

"आणि इतर."

मी सगळं सांगून टाकलं. 'अ' कोण, 'ब' कोण, संमती का घेतली नाही. आई ऐकत होती. ऐकता ऐकता ती हसायला लागली आणि डोळे पुसायला लागली, दोन्ही एकदम. बाबांचं मात्र लक्ष नव्हतं. ते त्या एका ओळीवर बोट ठेवून बसले होते.

"मोजे खरंच माझ्या हातात होते?"

"रोज असतात," आई म्हणाली.

प्रकल्प द्यायला चार दिवस उरले होते. मी दोन संमतीपत्रं टेबलावर ठेवली. आईने पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"सही करते. पण आधी तपासते."

काचेवरचा केसाएवढा ओरखडा पकडणारी बाई ती! लाल पेन घेऊन बसली. "सहा दहाला मी नाही, तू उठलास. मी पाच पन्नासला उठते. वीस मिनिटं रोजची गेली. दूध संपत आलंय हे ध्यानात ठेवणं, हे कुठे लिहिलंय? तुझी फॉर्म भरायची तारीख मी लक्षात ठेवते, ते? आणि तू कुठे आहेस यात?"

"मी संशोधक आहे, आई."

"संशोधकाचं ताट कोण उचलतं?"

मावशी म्हणाली, "तुझा तिसरा रकाना काढ."

काढला. 'क'. त्यातले आकडे दोघी बहिणींनी एकमेकींत चर्चा करून भरले. मला बोलायची परवानगी नव्हती. बाबांनीही सहीला एक अट घातली, की त्यांचे चार तास वगळायचे नाहीत. मॅडमनी ते ठेवू दिले, पण चौथ्या प्रकरणाचं नाव बदलायला लावलं : 'भीतीपोटी केलेलं घरकाम.' संमती उशिरा घेतली, त्याबद्दल वेगळं एक पान लिहायला लावलं. वर्गातल्या सगळ्यांचे प्रकल्प जमा झाले आणि मग शेवटच्या दिवशी, कार्यालयाची खिडकी बंद होता होता, माझा.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्कर प्राध्यापिका आल्या होत्या. अतिशय मऊ आवाजाच्या. त्यांनी प्रकल्पाचं कौतुक केलं. लाल पेनातल्या दुरुस्त्या हा यातला सर्वांत मोलाचा भाग आहे, असं त्या म्हणाल्या. मी मान तुकवली. मग त्या तिसऱ्या रकान्यापाशी थांबल्या.

"हा सहभागी 'क'. रोजचं घरकाम अकरा मिनिटं. त्यातली नऊ स्वतःचा चहा करण्यात. वय काय याचं?"

"एकवीस."

"अरेरे!" त्या कळवळून म्हणाल्या. "अंथरुणाला खिळलेला आहे का?"

आमच्या मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

मी आवाज शक्य तितका तटस्थ ठेवला.

"नाही, मॅडम. तब्येत ठणठणीत आहे."

ऑनर्स मिळालं. काठावर मिळालं, पण मिळालं. शेऱ्यात त्या प्राध्यापिकांनी लिहिलंय, "सहभागी 'क' घरात नेमका कशासाठी आहे, हे प्रस्तुत अभ्यासातून स्पष्ट होत नाही."