गालगुंड नव्हे, मम्प्सिमस!

हेडक्लार्कनी ठरवलं, पत्रातला शब्द बदलायचा नाही म्हणजे नाही. एवढ्यावरून पुढचं सगळं रामायण घडलं.

गेली सव्वीस वर्षं ते प्रत्येक पत्राचा शेवट ‘काइंडली डू द नीडलेस’ असा करत. नव्या मॅडमनी कपाळाला हात लावला.

"अहो, नीडफुल! म्हणजे जरूर ते करा. नीडलेस म्हणजे बिनकामाचं करा!"

"सव्वीस वर्षांत एकाही ऑफिसची तक्रार नाही, मॅडम." (कुणी उत्तरच पाठवलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.)

"तुम्ही ना, मम्प्सिमस आहात!"

घरी येऊन ते बायकोवरच डाफरले, "मॅडम म्हणतात, मी मम्प्स का कायसा आहे!"

"अगं बाई, गालगुंड!" तिने लगेच त्यांच्या गालांना मफलर गुंडाळला, ताटवाटी वेगळी काढली आणि त्यांची रवानगी मागच्या खोलीत केली.

"अगं, मला काही झालेलं नाही!"

"मग गाल का फुगलेत?"

"रागाने!"

शेवटी कॉलेजातल्या लेकीने दाराबाहेर उभं राहून डिक्शनरी वाचली. "बाबा, हा आजार नाहीये. चूक दाखवली तरी तीच धरून बसणारा माणूस, असा अर्थ आहे. फार पूर्वी एक पाद्री प्रार्थनेतला ‘सम्प्सिमस’ हा लॅटिन शब्द ‘मम्प्सिमस’ असा म्हणायचा. लोकांनी चूक दाखवली तर म्हणाला, तुमच्या नव्या सम्प्सिमससाठी मी माझं जुनं मम्प्सिमस सोडणार नाही!"

हेडक्लार्कनी मफलर भिरकावला. "शाब्बास रे पठ्ठ्या! डिक्शनरीत शब्द कुणाचा आला? त्याचा! चुका काढणाऱ्यांचं नाव तरी आहे का त्यात?"

लेकीने डिक्शनरी मिटली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पत्र तीनदा परत पाठवलं. यांनी तीनदा तेच टाइप केलं. चौथ्यांदा मॅडमनी हात टेकले आणि सही केली. त्या विजयाच्या भरात यांनी घरासाठी नवी पाटी सांगितली. नावापुढे, पदवीच्या जागी, ‘मम्प्सिमस’.

रविवारी पेंटर पाटी घेऊन आला. ‘मम्पसिसम.’

"अहो, हे चुकलंय!"

"नाही चुकलं."

"डिक्शनरी दाखवू का?"

"दाखवा की. मी बघणार नाही." पेंटर शांतपणे खिळा ठोकत म्हणाला, "रस्त्यापलीकडून बघा, बरोबर दिसतं."

हेडक्लार्क डिक्शनरी बगलेत मारून तणतणत रस्ता ओलांडून गेले. तिथून पाटी मुळीच वाचता येत नव्हती. हसून हसून दारातच खाली बसलेली बायको मात्र स्पष्ट दिसत होती.